कपाट क्रमांक सातची सापशिडी

२००२ सालच्या एप्रिल महिन्यात पंचवटीतील आमच्या वाचनालयाच्या कार्यकारी मंडळाने कपाट क्रमांक सात काढून टाकण्याचा निर्णय घेतला. कपाटात चोपन्न पुस्तके होती. पाच वर्षांत ज्या पुस्तकावर देवघेवीचा शिक्का पडला नाही ते बाद धरावे, असा नियम होता. चोपन्नपैकी एकावरही तसा शिक्का नव्हता. कपाटाच्या जागी स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या मुलांसाठी चार टेबले बसणार होती. अंतिम मंजुरी ऑगस्टअखेरच्या वार्षिक सभेत मिळायची होती. तोपर्यंत चोपन्नच्या चोपन्न पुस्तकांवर शिक्का पडला तर कपाट राहील, अशी सवलत कार्यवाहांनी ठरावात स्वतः घातली. घालताना ते हसले, असे ग्रंथपाल मॅडमनी मला सांगितले. इतिवृत्तात हसण्याची नोंद नाही.

मी तेव्हा एका स्थानिक दैनिकात उपसंपादक होतो. कामाची वेळ दुपारी चारला सुरू होई. सकाळी मी वाचनालयात जाऊन इतर दैनिके वाचत असे. आदल्या दिवशी आपले काय सुटले, हे कळण्याचा तेवढाच मार्ग होता.

कपाट सातमधली सर्व पुस्तके एकाच जातीची होती. जुन्या काळात घडणाऱ्या रहस्यकथा. एखादे संस्थान किंवा किल्ला, पहिल्या वीस पानांत एक प्रेत आणि शेवटच्या वीस पानांत सर्वांना दिवाणखान्यात बोलावणे. इतिहासाच्या वाचकांना त्यांत खून जास्त वाटत, खुनाच्या वाचकांना पागोटी. त्यामुळे दोघेही त्यांना हात लावत नसत. लेखकांची अचूकता बेताची होती. एका पुस्तकात पेशवाईतला हेर मनगटी घड्याळ पाहतो. दुसऱ्यात नायक नाशिकहून नगरला घोड्यावरून दोन तासांत पोचतो. एस.टी.ला ते आजही जमलेले नाही.

ही पुस्तके मूळची मॅडमच्या वडिलांची. नाशिक रोड आणि एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या वसाहतीत ते सायकलवरून फिरते वाचनालय चालवत. कॅरिअरच्या दोन बाजूंना दोन पिशव्या, आणि वसाहतीचा वार बुधवार. सायकल थांबली तेव्हा त्यांनी कपाटासकट पुस्तके आमच्या वाचनालयाला दिली. काही वर्षांनी त्यांच्या मुलीला इथेच ग्रंथपालाची नोकरी लागली. या दोन गोष्टींचा परस्परांशी संबंध नाही, असे कार्यवाह सांगत. तसा प्रश्न कोणी विचारलेला नव्हता.

वडील १९९६ साली वारले. मॅडम पगारी नोकर असल्यामुळे त्यांना सभेत मत नव्हते, आणि कर्मचाऱ्याने स्वतःच्या नावावर पुस्तक घ्यायचे नाही असाही नियम होता. म्हणजे कपाट वाचवायचे तर ते इतरांकडून वाचवून घ्यावे लागणार होते. इतरांना त्याची गरज नव्हती. वाचनाचे आवाहन फळ्यावर लिहून तीन आठवडे झाले तेव्हा त्याला मिळालेला एकमेव प्रतिसाद म्हणजे कोणी तरी त्यातला एक ऱ्हस्व दीर्घ केला होता.

मेच्या पहिल्या रविवारी मॅडमनी भिंतीवर सापशिडी लावली.

शाळेतून आलेल्या मानवी पचनसंस्थेच्या जुन्या तक्त्याच्या मागच्या बाजूला ती काढली होती. चोपन्न घरे. पुस्तकांचे दाखल क्रमांक २२०१ ते २२५४ असल्याने हिशेब सोपा होता. एकतीसच्या घरात सोंगटी आली की पुस्तक २२३१. दर रविवारी नऊ ते अकरा फासा टाकायचा, सोंगटी जिथे थांबेल ते पुस्तक न्यायचे, परत केले की पुढचा फासा. सहा साप आणि पाच शिड्या. सोंगट्या म्हणून शर्टाची बटणे. कार्यवाहांना कोटाचे बटण देण्यात आले.

सापांकडे पाहून गुरुजींनी पहिला आक्षेप घेतला. गुरुजी म्हणजे रामकुंडावर श्राद्धविधी करणारे आमचे एक सभासद. यजमान येईपर्यंतचा वेळ ते पुस्तकावर काढत.

“मॅडम, हे साप आहेत की पडवळं?”

“चावेपर्यंत कळायचं नाही, गुरुजी.”

पहिला फासा उद्घाटक या नात्याने कार्यवाहांनी टाकला. कपाट काढण्याचा ठराव त्यांचाच आणि कपाट वाचवण्याच्या खेळाचे उद्घाटनही त्यांचेच, यात त्यांना काही वावगे वाटले नाही. फोटोग्राफर बोलावलेला होता. सहा पडले. सहाच्या घरातून शिडी थेट एकतीसला जात होती. कार्यवाह २२३१ घेऊन, ते छातीशी धरून, फोटो काढून घरी गेले. मी आमच्या दैनिकात चार ओळींची बातमी दिली. ती ‘शहरात आज’ या सदरात योगवर्गाच्या आणि पाणी बंदच्या मध्ये छापून आली, आणि त्यात वेळ सायंकाळी नऊ ते अकरा अशी पडली. ती चूक माझी होती.

तरीही तेवीस जण आले. त्यांत एक गृहस्थ सोडले तर सगळे पंचवटीतले. ते गृहस्थ एकलहऱ्याहून यायचे, वीज केंद्रातून निवृत्त झालेले, दोन बस बदलून. ते मॅडमना ‘बाळ’ म्हणायचे आणि मॅडम त्यांना ‘काका’. मला पंच नेमण्यात आले. पात्रता अशी की मी रोज येत होतो आणि मला नाही म्हणता आले नाही.

मे महिन्यात शिक्के वेगाने पडले. इतक्या वेगाने, की मला संशय आला. रविवारी नेलेली पुस्तके सोमवारी दारात येत होती. एकाने दोनशे ऐंशी पानांची कादंबरी रविवारी अकराला नेऊन त्याच दिवशी साडेअकराला परत केली आणि फासा मागितला. मी गुरुजींना विचारले. ते म्हणाले की नियमात न्यायचे आणि आणायचे एवढेच लिहिले आहे, मध्ये काय करायचे ते लिहिलेले नाही. हे खरे होते.

जूनपासून म्हणून चिठ्ठी सुरू झाली. पुस्तक परत करताना खुन्याचे नाव चिठ्ठीवर लिहून द्यायचे. नाव चुकले तर तेच पुस्तक पुन्हा न्यायचे. मेमध्ये न वाचताच चोपन्नच्या घरात पोचलेल्या एकाची जीत त्यामुळे रद्द झाली, २२५४ वरचा शिक्का मात्र राहिला. बरोबर नावांची यादी करण्यासाठी पंचाला सगळी पुस्तके शेवटाकडून वाचावी लागली. खुनी आधी कळल्यावर माणूस रहस्यकथेत काय वाचतो, असे मला पुढे काही जणांनी विचारले. मुद्रणदोष.

जूनअखेर चिठ्ठ्यांत एक गोष्ट दिसली. २२३१ आतापर्यंत नऊ जणांनी परत केले होते. नऊही चिठ्ठ्यांवर एकच नाव होते: दिवाणजी. पुस्तकात खानदेशातल्या एका जहागीरदाराला विष दिले जाते. देणारा मशालजी आहे. तो शेवटच्या प्रकरणात अडीच पानांचा कबुलीजबाब देतो, दिवाणजी तिथे उभा राहून ऐकतो आणि त्याच्या डोळ्यांत पाणी येते. नऊ वाचकांपैकी एकालाही हे दिसलेले नव्हते.

मी पुस्तक पहिल्या पानापासून चाळले. पान चाळीसच्या समासात पेन्सिलीने लिहिलेले होते: ‘खुनी दिवाणजी’. खाली तीन वेगवेगळ्या अक्षरांत ‘सहमत’, ‘सहमत’, ‘सहमत’.

मग मी बाकीची त्रेपन्न पाहिली. एका पुस्तकाचा अपवाद वगळता प्रत्येकाच्या पान चाळीसवर पेन्सिलीने नाव होते. माझ्या यादीशी ताडून पाहिली. दिवाणजी धरून त्रेपन्न नावांपैकी अकरा बरोबर होती.

आमच्याकडे वाचनालयाच्या पुस्तकात शेरे लिहिण्याची पद्धत जुनी आहे. ‘टाकाऊ’, ‘नायिका मूर्ख’, ‘पान ११२ फाडणाऱ्याचे हात झडोत’. रहस्यकथेच्या समासात नाव दिसले तर ते कोणी तरी वाचून झाल्यावर इतरांची मजा घालवण्यासाठी लिहिले आहे, असे नाशिकचा वाचक न विचारता धरून चालतो. शेजाऱ्याच्या सद्भावनेवर त्याचा विश्वास नसतो, दुष्टाव्यावर पुरता असतो. तेवीस जण याच विश्वासावर खेळत होते.

पुढच्या रविवारी मी पान चाळीस उघडून टेबलावर ठेवले. एकलहऱ्याच्या काकांनी चष्मा काढून अक्षर जवळून पाहिले.

“हे माझं आहे,” ते म्हणाले.

गुरुजींनी त्यांच्याकडे, जन्मभर ज्याला शिव्या दिल्या तो अखेर समोर आला अशा नजरेने पाहिले. ते म्हणाले, “म्हणजे लोकांची रहस्यं फोडणारे तुम्हीच.”

“अहो, फोडली कुठं? ते उत्तर नाही. ते माझं मत आहे.”

खुलासा त्यांनी थोडक्यात केला. सायकलवाल्यांचा, म्हणजे मॅडमच्या वडिलांचा, वसाहतीत एक नियम होता. पान चाळीसपर्यंत आलात की थांबायचे, खुनी कोण वाटतो ते समासात लिहायचे, मग पुढे वाचायचे. अंदाज खरा ठरला तर पुढच्या बुधवारी पिशवीतून पहिले पुस्तक उचलायचा मान तुमचा. दुसऱ्याचा अंदाज पटला तर खाली सहमत लिहायचे. खोडायला परवानगी नव्हती.

“आणि मी त्या काळात बहुतेक चुकायचो,” काका म्हणाले.

“अजूनही,” मॅडम म्हणाल्या. काकांच्या जूनमधल्या चार चिठ्ठ्या चुकीच्या होत्या. पण त्या त्यांनी वाचून चुकवल्या होत्या.

मी पंच म्हणून लेखी शिफारस केली की सर्व अंदाज खोडरबराने पुसावेत. मॅडमनी ती वाचली, घडी घातली आणि टेबलाच्या खणात ठेवली. “खोडायचं नाही,” त्या म्हणाल्या. एवढ्यावर शिफारस निकाली निघाली. चुकलेल्या नऊ जणांना २२३१ पुन्हा देण्यात आले. त्यामुळे आयुष्यात पहिल्यांदा त्या पुस्तकासाठी रांग लागली. कार्यवाहही त्या नऊ जणांत होते. त्यांनी चार आठवड्यांनी पुस्तक परत पाठवले होते, योगायोगाने चिठ्ठीचा नियम सुरू झाला त्याच रविवारी. निकाल कळवल्यानंतर ते खेळायला आले नाहीत. कोटाचे बटण एकतीसच्या घरात तसेच राहिले.

जुलैच्या दुसऱ्या रविवारी काकांनी दुसरी गोष्ट दाखवली. वीज केंद्रात आयुष्यभर तक्ते पाहिल्यामुळे त्यांना तक्त्यातले दोष दिसत.

“बाळ, सापाच्या तोंडातलं पुस्तक कोण नेतं गं?”

कोणी नेत नव्हते. सापाच्या तोंडात पोचलेली सोंगटी तिथे थांबतच नाही, शेपटाशी जाते. शिडीच्या पायथ्याशी आलेली वर जाते. सहा आणि पाच, अशी अकरा पुस्तके कोणाच्याही हाती जाणे शक्य नव्हते. दहा रविवार आम्ही असा खेळ खेळत होतो की जो कितीही चांगला खेळला तरी कपाट जाणारच होते. तक्ता मॅडमनी काढला होता, तपासला मी होता. मॅडमनी दाखल नोंदवही उघडली आणि अकरा क्रमांक एका कागदावर उतरवले. शेवटचा क्रमांक त्यांनी दोनदा लिहिला.

मी तातडीचा निर्णय दिला: यापुढे सापाने गिळले किंवा शिडी मिळाली तर दोन पुस्तके न्यायची, तोंडाचे आणि शेपटाचे, पायथ्याचे आणि माथ्याचे. गुरुजी म्हणाले की साप चावल्यावर एक पुस्तक विष म्हणून आणि दुसरे उतारा म्हणून मिळावे, हे शास्त्राला धरून आहे.

त्यानंतरचे पाच रविवार सापशिडीच्या इतिहासात बहुधा एकमेव असावेत. प्रत्येक जण साप लागावा म्हणून फासा फुंकत होता. पन्नासच्या आसपास पोचलेली माणसे खाली पडल्यावर टाळ्या घेत होती. बाहेर पुढच्या वर्षीच्या सिंहस्थासाठी रस्ते खणले जात होते. फासा टाकला की सगळे तोंडाला रुमाल लावून तक्त्याकडे वाकत. तेवीसमधले सात उरले होते. बाकीचे चिठ्ठ्यांच्या निकालांनंतर विनातक्रार कमी झाले. “आमच्याकडे माणूस मेला की लोक तिथी विचारतात,” गुरुजी एकदा म्हणाले. “मारलं कोणी, हे विचारायची सवयच नाही. म्हणून चुकतात.”

अकरापैकी दहा सुटली. ऑगस्टच्या तिसऱ्या रविवारी, सभेला एक आठवडा असताना, एकच पुस्तक शिल्लक होते: २२५२. बावन्नच्या घरातला साप बारापर्यंत खाली जात होता. पान चाळीस कोरे असलेले एकमेव पुस्तक तेच. वडिलांनी ते अगदी शेवटी आणले होते आणि त्यानंतर सायकल बंद झाली, असे मॅडमनी सांगितले. ते वसाहतीत कधी गेलेच नव्हते.

काका एकोणपन्नासवर होते. तीन पडले तर बावन्न, साप, आणि चोपन्नावे पुस्तक. पाच पडले तर खेळ जिंकणार होते. इतर सहा जण तिथून लांब होते. अकराला दहा मिनिटे होती.

पाच पडले.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. काका फाशाकडे बघत म्हणाले, “आयुष्यात पहिल्यांदा.” विजेत्याला बक्षीस काय, हे कोणी ठरवलेले नव्हते. बक्षिसाला मंडळाची मंजुरी लागते आणि मंडळाला खेळ जिंकला जाईल असे वाटले नव्हते. मी काकांना विचारले, तुम्हाला काय हवे.

“साप द्या,” काका म्हणाले.

मॅडम जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिले. “पंच?”

मी नियमावली काढली. खेळाची नव्हे, वाचनालयाची. कलम चार: कोणताही सभासद कोणत्याही कपाटातील कोणतेही पुस्तक एका वेळी एक याप्रमाणे घरी नेऊ शकतो. फाशाचा उल्लेख नाही. हे कलम दारातल्या फलकावर मोठ्या अक्षरात लावलेले होते आणि मे महिन्यापासून आम्ही त्याच्याखालून ये-जा करत होतो. कपाटातली पुस्तके नुसती मागूनही मिळतात, हे सोळा रविवारांत एकाही सभासदाच्या लक्षात आले नव्हते. पंचाच्याही नाही. गुरुजींनी फलक एकदा वाचला, पुन्हा वाचला आणि उपरणे झटकून खांद्यावर घेतले.

मॅडमनी २२५२ वर शिक्का मारला. तो थोडा तिरका पडला आहे.

काकांनी ते बुधवारी परत आणले. पान चाळीसवर अंदाज होता, राजवैद्य. चिठ्ठीवर खुन्याचे नाव होते, राजवैद्याची बहीण. चिठ्ठी बरोबर होती. अंदाज चूक होता.

वार्षिक सभेला नेहमीपेक्षा जास्त लोक होते. विषय क्रमांक पाचवर कार्यवाह उभे राहिले. ते निवृत्त मुख्याध्यापक होते आणि त्यांचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जात असे. त्यांचे म्हणणे असे की शिक्के पडले हे मान्य, पण ते जुगारातून पडले. वाचनालयात वाचन अपेक्षित आहे. पुस्तके वाचलीच गेली नाहीत, हे चिठ्ठ्यांवरून सिद्ध होते असे त्यांच्या कानावर आले आहे. तेव्हा चिठ्ठ्या सभेपुढे ठेवाव्यात.

मॅडमना बोलायची परवानगी नव्हती. त्यांनी चिठ्ठ्यांचा गठ्ठा माझ्या हातात दिला. तारखेप्रमाणे लावलेला होता.

मी वाचले. “चिठ्ठी क्रमांक एक. पुस्तक २२३१. खुन्याचे नाव: दिवाणजी. शेरा: अत्यंत वाचनीय.” मग मी विचारले, “वाचकाचं नाव वाचू का?”

“आवश्यकता नाही,” कार्यवाह म्हणाले.

“खुनी दिवाणजीच ना?” गुरुजींनी तिसऱ्या रांगेतून विचारले.

“मशालजी,” मी म्हणालो.

“मग दिवाणजी कोणी लिहिलं?”

“मॅडम, पुढचा विषय घ्या,” कार्यवाह म्हणाले.

“सर, मला बोलायला परवानगी नाही,” मॅडम म्हणाल्या.

इतिवृत्तात ‘विषय क्रमांक पाचवर साधकबाधक चर्चा झाली’ असे वाक्य आहे. ठराव आवाजी मतदानाने फेटाळण्यात आला. चारऐवजी तीन टेबले आणण्याचे ठरले आणि त्याला सूचक म्हणून कार्यवाहांनी सही केली. मी दुसऱ्या दिवशी सहा ओळींची बातमी दिली. तीत वेळ बरोबर होती.

काका २००५ साली गेले. मॅडम २००८ साली निवृत्त झाल्या. त्यांच्या निरोप समारंभात कपाटाचा उल्लेख झाला नाही.

२००९ च्या जानेवारीत मी वाचनालयात गेलो तेव्हा कपाट क्रमांक सात त्याच जागी, तीन टेबलांच्या मधोमध होते. टेबलांवर मुले सामान्य ज्ञानाचे संच घेऊन बसली होती. मी २२३१ काढले. शेवटचा शिक्का आदल्या महिन्याचा होता. पान चाळीसवर ‘खुनी दिवाणजी’ आणि त्याखालचे तीन सहमत तसेच होते. त्याखाली बॉलपेनने, नव्या अक्षरात, चौथे ‘सहमत’ होते.